उपदेश पारखायचा कसा, तारणाची खात्री धरायची कशावर? इंदूरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न

इंदूरमध्ये मराठी ख्रिस्ती घरं दोन तऱ्हेची आहेत. काहींचे आजोबा-पणजोबा होळकरांच्या राज्यापासून इथले, तर काही जण नगर, जालना, पुण्याकडून पीथमपूरच्या कारखान्यांत नोकरीला आलेले. रविवारी हिंदी उपासना, घरी मराठी बायबल आणि आठवडाभर मोबाइलवर कुणा ना कुणाचे संदेश. घरगुती प्रार्थनासभा संपून पोह्यांच्या बश्या फिरायला लागल्या की जे प्रश्न हमखास निघतात ते इथे घेतले आहेत. उत्तरं प्रॉटेस्टंट बाजूने लिहिली आहेत. कॅथलिक किंवा इतर मंडळींचं म्हणणं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

पाळकसाहेबांचा उपदेश पारखणं हा त्यांचा अपमान नाही का?

नाही. बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौलाला पारखलं होतं. त्यांनी वचन मोठ्या उत्सुकतेने ऐकलं आणि पौल सांगतो ते तसंच आहे का, हे रोज शास्त्रात शोधून पाहिलं (प्रेषितांची कृत्ये १७:११). ते पुस्तक लिहिणारा लूक त्याबद्दल त्यांना नावं ठेवत नाही, त्यांची तारीफ करतो. मात्र उत्सुकता आधी आणि शोध नंतर, हा क्रम ध्यानात घ्या. पौलही थेस्सलनीकाच्या मंडळीला आधी सांगतो की संदेश तुच्छ लेखू नका, आणि लगेच पुढे म्हणतो, सगळ्याची पारख करा (१ थेस्सल. ५:२०-२१).

आपल्याकडे पारख म्हणजे रविवारच्या जेवणावर पाळकांचं हिंदी, त्यांचा कोट आणि लांबलेली प्रार्थना यांची चिरफाड. ती वेगळी गोष्ट झाली. शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल असं याकोब ३:१ मध्ये लिहिलं आहे. ते मनावर घेतलेल्या पाळकाला तुमचा प्रश्न टोचणार नाही. कुणीतरी खरंच ऐकत होतं, याचं त्याला बरंच वाटेल.

मग उपदेशात नेमकं पाहायचं काय?

आधी एवढंच पाहा की वाचलेला उतारा उपदेशात कुठे दिसला का. पुष्कळदा वचन वाचून होतं, बायबल मिटतं आणि मग चाळीस मिनिटं विनोद, साक्षी आणि परदेशातले किस्से चालतात. असा उपदेश ऐकायला छान असतो, पण त्या वचनाचा आणि त्याचा संबंध नसतो.

यिर्मया २९:११ घ्या. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, हे वचन आपल्या घरांत कॅलेंडरवर असतं, कपांवर असतं, दहावीच्या निकालाच्या शुभेच्छांतही असतं. हे एका पत्रातलं वाक्य आहे. यिर्मयाने ते पत्र यरुशलेमेहून बाबेलातल्या बंदिवानांना पाठवलं. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबावं लागेल असं स्पष्ट आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांचा शेवट परमुलखातच व्हायचा होता. आता एक पान मागे जा. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. एवढं बोलून तो थांबत नाही, बाबेलाच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं जू काढून मोडून टाकतो. सभा जिंकणं म्हणतात ते हेच. लोकांना कुणाचा संदेश गोड लागला असेल हे सांगायला नको. हनन्या त्याच वर्षी मेला, असं तो अध्याय संपताना लिहिलं आहे.

म्हणून या वचनावर ‘यंदा प्रमोशन आणि पुढच्या वर्षी विजयनगरला फ्लॅट’ असा उपदेश झाला, तर बोलणारा यिर्मयाचं वचन वाचून हनन्याचा संदेश देतो आहे. उतारा नीट उघडणारा पाळक पाचव्या ते सातव्या वचनांवर रेंगाळेल: घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. गावाकडे म्हातारे आईवडील ठेवून पीथमपूरला रात्रपाळी करणाऱ्या माणसाला तिथे फ्लॅटपेक्षा कितीतरी जास्त मिळतं.

यानंतर मनात एक प्रयोग करून पाहा. या उपदेशातून येशूचं मरण आणि पुनरुत्थान काढून टाकलं, तर काही बिघडेल का? ‘दाविदासारखे धाडसी व्हा, दानीएलासारखी शिस्त ठेवा, मुलांना वेळ द्या’ यातलं काही खोटं नाही, पण एवढं कुठल्याही संस्कार वर्गात मिळतं. शुभवर्तमान म्हणजे आपल्यासाठी काय घडलं त्याची बातमी. बातमी न सांगता नुसती कामं सांगितली, तर शहाणा माणूस फुगून घरी जातो आणि दमलेला माणूस आणखी दमून.

शेवटचं म्हणजे, उपदेश संपताना ऐकणाऱ्याची नजर कुठे वळते हे बघा. ख्रिस्ताकडे, स्वतःच्या कामगिरीकडे की व्यासपीठावरच्या माणसाकडे? खाली तारणाच्या खात्रीबद्दल जे लिहिलं आहे ते सगळं याच एका प्रश्नाभोवती फिरतं.

उपदेश हिंदीत आणि आमचं बायबल मराठीत. वचन सापडेपर्यंत साहेब पुढे गेलेले असतात.

नावांची सवय केली की जमतं. मत्ती म्हणजे मत्तय, यूहन्ना म्हणजे योहान, कुरिन्थियों म्हणजे करिंथकरांस पत्र, प्रेरितों के काम म्हणजे प्रेषितांची कृत्ये, भजन संहिता म्हणजे स्तोत्रसंहिता. अध्याय आणि वचनांचे आकडे बहुतेक ठिकाणी तेच असतात. उपासना चालू असताना फक्त आकडे वहीत टिपा आणि संध्याकाळी मागचा-पुढचा अध्याय मराठीत वाचा. मराठी नवा करार १८११ पासून छापील रूपात आहे, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूर) मिशनरी विल्यम कॅरी यांच्या छापखान्यापासून. पंडिता रमाबाईंनी तर मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणण्यासाठी कित्येक वर्षं घालवली. एवढ्यांनी कष्ट करून आपल्या हातात ठेवलेलं पुस्तक फक्त उशाखाली ठेवायला नाही.

कुठले मतभेद गंभीर मानायचे आणि कुठले सोडून द्यायचे?

मतांगीकारात, म्हणजे मंडळीच्या विश्वासाच्या जुन्या कबुलीत, जे आहे त्यावर तडजोड नाही. एकच देव, तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. येशू खरा देव आणि खरा मनुष्य. त्याचं मरण, पुनरुत्थान आणि परत येणं. ३२५ साली निकीयात आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला मंडळी याच गोष्टींवर एकत्र बसली होती. यांच्याच बरोबरीने मी कृपेने तारण ठेवतो, कारण वेगळं शुभवर्तमान सांगणारा स्वर्गातला दूत असला तरी तो शापित असो, इतकी कडक भाषा पौलाने त्याच विषयावर वापरली आहे (गलती. १:८).

बाळांचा बाप्तिस्मा करायचा की मोठ्यांचाच, अन्य भाषांचं दान आजही मिळतं का, येशूचं परत येणं हजार वर्षांच्या राज्याआधी की नंतर, यांवर मत ठेवा, वादही घाला, पण समोरच्याला ‘तारण न पावलेला’ म्हणू नका. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा अँग्लिकनांपासून बाप्टिस्टांपर्यंत सहा प्रवाह एकत्र आले आणि बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धतींना जागा दिली गेली.

यूट्यूबवरच्या प्रवचनकारांचं काय? आमची मुलं तर तेच ऐकून राहिली आहेत.

ऐकू द्या, पण मिनिटभराच्या तुकड्यावरून मत बनवू देऊ नका. पूर्ण उपदेश ऐका, त्या माणसाला जाब विचारणारी मंडळी किंवा वडीलजन आहेत का ते पाहा, पडद्याच्या तळाशी क्यूआर कोड किती वेळा झळकतो तेही पाहा. शिवाय तो प्रवचनकार कितीही चांगला असला तरी तुमचे वडील आयसीयूमध्ये असतील तेव्हा रात्री अकराला येऊन बसणारा तो नसतो.

‘विश्वास असेल तर आजार राहणारच नाही,’ असं सभेत सांगितलं. हे बरोबर आहे का?

देव बरं करतो आणि त्यासाठी प्रार्थना करणं शास्त्राला धरूनच आहे. याकोब ५:१४ मध्ये वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे. पण ‘बरे झाला नाहीत म्हणजे तुमचा विश्वास कमी पडला’ हे वाक्य कानावर आलं की सावध व्हा. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा राहिला (२ करिंथ. १२:७-९). आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेतात आजारी सोडलं (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याला वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी आणि पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला (१ तीमथ्य ५:२३). यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

आमच्या ओळखीतल्या एका काकूंचे यजमान किडनीच्या आजाराने गेले. अंत्यविधीला आलेल्या एका प्रवचनकाराने त्यांना बाजूला घेऊन विचारलं, ‘घरात कुणाच्या मनात अविश्वास होता का?’ काकू त्यानंतर कित्येक महिने आपल्याच प्रार्थना आठवून आठवून तपासत बसल्या: त्या रात्री डोळा लागला म्हणून तर नाही? डायलिसिसला हो म्हटलं म्हणून तर नाही? नवरा गेल्याचं दुःख बाजूला राहिलं आणि बाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. असा उपदेश नुसता चुकीचा म्हणून सोडून देता येत नाही, तो क्रूर असतो.

इन्सुलिन, रक्तदाबाच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या बंद करा असं व्यासपीठावरून कुणी सांगितलं तर गोळ्या चालू ठेवा आणि त्या सभेला जाणं बंद करा. प्रार्थना केलेल्या तेलाच्या बाटलीला किंमत लावली असेल तर शमरोनातल्या शिमोनाची गोष्ट वाचा (प्रेषितांची कृत्ये ८). देवाचं दान पैशाने मिळतं असं त्याला वाटलं आणि पेत्राने त्याला काय ऐकवलं ते तिथे आहे.

तारणाची खात्री असू शकते का? ‘मी तारला गेलो आहे’ म्हणणं हा गर्व नाही का?

आपल्या पुण्याईवर म्हटलं तर गर्वच. येशूच्या शब्दावर म्हटलं तर त्याचं म्हणणं मान्य केलं, एवढंच. योहान आपलं पहिलं पत्र कशासाठी लिहितो हे स्वतःच सांगतो: देवाच्या पुत्रावर विश्वास ठेवणाऱ्यांना, सार्वकालिक जीवन आपल्याला लाभलं आहे हे कळावं म्हणून (१ योहान ५:१३). ‘कळावं’ म्हणतो, ‘वाटावं’ म्हणत नाही.

शास्त्र खात्रीबद्दल बोलताना तीन गोष्टी पुढे करतं. देवाची अभिवचनं, पवित्र आत्म्याची आतली साक्ष (रोम. ८:१६) आणि बदललेलं जीवन, म्हणजे बांधवांवर प्रीती, पापाचा तिटकारा, आज्ञापालन. तिन्ही हवीत, पण तिन्हींचं वजन सारखं नाही आणि पुष्कळ उपदेश नेमके इथे घसरतात. भार अभिवचनावर टाकायचा असतो. बदललेलं जीवन हा त्याचा पुरावा. पुराव्यावरच भार टाकला की चांगल्या आठवड्यात माणूस परूशी, म्हणजे स्वतःलाच नीतिमान समजणारा, होतो आणि वाईट आठवड्यात निराश. सोमवारी ऑफिसात चिडलो, मंगळवारी प्रार्थना चुकली, बुधवारी तारण गेलं असं वाटायला लागलं, हे चक्र ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

मार्क ९:२४ मधला बाप आठवा. मुलगा जमिनीवर तळमळतो आहे आणि बाप ओरडतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एका दमात दोन्ही. येशूने त्याला विश्वास पक्का करून पुन्हा ये असं सांगितलं नाही. मुलगा बरा झाला. त्या बापाचा विश्वास डळमळीत होता, पण तो योग्य माणसाकडे आला होता. खात्रीवरचा चांगला उपदेश अशा बापाला घरी रिकाम्या हाताने पाठवत नाही.

मी सभेत हात वर केला, प्रार्थना म्हटली, कार्डही भरलं. झालं ना?

त्या दिवशी तुम्ही मनापासून ख्रिस्ताला शरण गेला असाल तर देवाची स्तुती असो. पण हात, प्रार्थना आणि कार्ड यांपैकी कशानेच तारण होत नाही. लोकांना पुढे बोलावण्याची ही पद्धत मुख्यतः एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चार्ल्स फिनी यांच्यासारख्यांच्या सभांतून रुळली. त्याआधीच्या अठरा शतकांतले विश्वासणारे तिच्याशिवायच तारले गेले.

मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या वाक्याची: ‘आज ही प्रार्थना म्हटली, आता कधीही शंका घ्यायची नाही, शंका सैतानाकडून येते.’ पौल मात्र करिंथकरांना म्हणतो, विश्वासात आहात की नाही याची स्वतःच परीक्षा करा (२ करिंथ. १३:५). आणि मत्तय ७:२१-२३ मध्ये ‘प्रभूजी, प्रभूजी’ म्हणणारे, संदेश देणारे, भुतं काढणारे लोकही बाहेर राहतात. त्यांनी यादी वाचली ती सगळी आपल्या कामांची होती, हे लक्षात घ्या. म्हणून कुणी विचारलं की तुमचं तारण कशावरून, तर उत्तर तारखेपासून सुरू करू नका. आज तुमचा भरवसा कुणावर आहे ते सांगा.

आमच्या घराण्यात पणजोबांपासून ख्रिस्ती आहेत. मुलांना हे वेगळं शिकवायला हवं का?

हो. योहान १:१३ वाचून दाखवा. देवाची लेकरं रक्तावरून ठरत नाहीत. मिशनच्या शाळेत पणजोबा मास्तर होते हे कौतुकाचं आहे, पण तो दाखला स्वर्गात चालत नाही.

तारण मिळाल्यावर ते गमावता येतं का?

इथे प्रामाणिक ख्रिस्ती लोक चारशे वर्षांहून जास्त काळ भांडत आले आहेत. नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या प्रॉटेस्टंट धर्मसभेने (१६१८-१९) सांगितलं की देव आपल्या लोकांना शेवटपर्यंत राखतो. डच धर्मपंडित आर्मिनियसच्या बाजूच्यांना आणि पुढे मेथोडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीला वाटलं की विश्वास सोडून माणूस खरोखर पतित होऊ शकतो. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये कॅथलिक भूमिका मांडली की खास प्रकटीकरणाशिवाय आपण शेवटपर्यंत टिकणारच असं कुणी चूक न होणाऱ्या खात्रीने म्हणू नये. मात्र कॅथलिक माणसालाही आशा असते, नुसती धास्ती नव्हे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी नीतिमान ठरण्याविषयी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपण तारणासाठी सर्वस्वी देवाच्या कृपेवर अवलंबून आहोत, हे दोघांनी त्यात मिळून म्हटलं.

माझा कल डॉर्टच्या बाजूला आहे. ‘माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही’ या अर्थाचं योहान १०:२८ मला फार स्पष्ट वाटतं. पण पतित झालेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे, हा इब्री ६:४-६ चा इशारा गुळगुळीत करणारा उपदेश मला आवडत नाही. तो इशारा धडकी भरवण्यासाठीच आहे. त्याच वेळी नवव्या वचनापर्यंत वाचायलाच हवं, जिथे लेखक त्याच ऐकणाऱ्यांना ‘प्रियजनहो’ म्हणून तुमच्याविषयी चांगल्याचीच खात्री आहे असं सांगतो. सहाव्या वचनावर थांबणारा पाळक आणि थेट नवव्यावर उडी मारणारा पाळक, दोघेही अर्धंच वाचतात.

उपदेश कुठल्याही बाजूचा असो, एक पाहा: धीर कुणाला मिळतो आहे? पापात आरामात बसलेल्याला की पापाने रडवलेल्याला? उलटं होत असेल तर मत बरोबर असूनही उपदेश बिघडलेला आहे.

पौल म्हणतो विश्वासाने, याकोब म्हणतो कर्मांनी. कोण खरं?

दोघेही, आणि दोघांनी उदाहरण अब्राहामाचंच घेतलं आहे. पौल उत्पत्ती १५ वर उभा आहे, जिथे अब्राहाम ताऱ्यांखाली नुसता विश्वास ठेवतो. याकोब १५ सोडत नाही, पण बोट ठेवतो २२ वर, जिथे तोच अब्राहाम इसहाकाला घेऊन डोंगर चढतो. मधे पुष्कळ वर्षं गेली आहेत. डोंगर चढल्यामुळे तो नीतिमान झाला नाही, पण ताऱ्यांखालचा विश्वास जिवंत होता हे तिथे दिसलं.

आमच्या आजींना म्हातारपणी भीती वाटते की देव मला घेणार नाही. आयुष्यभर विश्वासू होत्या. काय सांगू?

‘आजी, असं बोलू नका’ म्हणून विषय बदलू नका. इंदूरला १८७७ मध्ये आलेले कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी ज्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाच्या, म्हणजे प्रेस्बिटेरियनांच्या सतराव्या शतकातल्या विश्वासपत्राच्या, परंपरेतले होते, त्याचा अठरावा अध्याय याच विषयावर आहे. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्रीसाठी बराच काळ झगडावं लागू शकतं आणि मिळालेली खात्री डळमळू शकते, हे तिथे स्वच्छ मान्य केलं आहे. अठराव्या शतकातले इंग्रज कवी विल्यम कूपर यांची गीतं मंडळ्या आजही गातात, पण आपण कायमचे टाकले गेलो आहोत या विचाराने ते स्वतः वर्षानुवर्षं छळले गेले. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं आणि तरी ते बायबलमध्ये आहे.

आजींना झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. नैराश्य भक्तीची भाषा बोलायला लागतं. त्यांना पाप आठवत असेल तर ऐकून घ्या, घाईने क्षमा वाटू नका, मग योहान ६:३७ सावकाश वाचा: माझ्याकडे येणाऱ्याला मी घालवून देणारच नाही. रोज तेच वाचलं तरी चालेल. नारायण वामन टिळकांची भजनं त्यांना पाठ असतील, ती त्यांच्याबरोबर म्हणा. रोमकरांस पत्राचं विवेचन नको. आणि घरी येणाऱ्या पाळकांना दारातच सांगून ठेवा की आज आजींची परीक्षा घेऊ नका, फक्त अभिवचन वाचा.

उपदेशात खरंच चूक आढळली तर पाळकांशी कसं बोलायचं?

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. अपुल्लोसाचं शिक्षण अपुरं होतं तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला आपल्याकडे घेऊन जाऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला (प्रेषितांची कृत्ये १८:२६), भर सभास्थानात उभं राहून नाही. रविवारी दारात हस्तांदोलन करतानाही नको, तेव्हा त्यांच्या डोक्यात पुढच्या घराची भेट असते. मंगळवार-बुधवारी फोन करून वेळ घ्या, वही आणि बायबल बरोबर न्या आणि विचारा: ‘साहेब, रविवारी आपण हे वचन असं समजावलंत. पण पुढचं वचन वाचताना मला अडखळायला झालं. मला जरा सांगाल का?’ निम्म्या वेळा आपणच चुकीचं ऐकलेलं निघतं. उरलेल्या वेळी बहुतेक पाळक विचार करून सांगतो म्हणतात आणि खरंच करतात.

एका उपदेशावरून मंडळी सोडू नका, वर्षभराचा कल पाहा. पण येशूचं देवत्व किंवा पुनरुत्थान नाकारलं जात असेल, प्रार्थनेचे पैसे ठरत असतील, प्रश्न विचारणाऱ्याला शापाची धमकी मिळत असेल, तर आधी वडीलजनांना आणि मग वरच्या मंडळाला लेखी कळवा. तिथेही दाद लागली नाही तर मुलाबाळांना घेऊन दुसरी मंडळी शोधा आणि जाताना पाळकांना तोंडावर कारण सांगून जा.